जळालेल्या फ्यूजला नमस्कार

एकदा एका वृद्ध कारागिराच्या दुकानात एक व्यापारी गाणी ऐकायचा, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर घेऊन आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. उशाशी दिवसभर गाणं चालू असे, तेवढाच तिला विरंगुळा. यंत्र बंद पडलं आणि तिचं जेवणावरून मन उडालं. वृद्धाने काम शिष्यावर सोपवलं आणि शनिवारी दुपारचा वायदा दिला.

शिष्याने नवा फ्यूज घातला. यंत्र दहा मिनिटं गायलं आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. दोन दिवस त्याने यंत्र उलटंपालटं केलं, पण दोष हाती लागेना. शनिवार उजाडला तसा त्याला घाम फुटला. शेवटी घायकुतीला आलेला मेकॅनिक जे करतो तेच त्याने केलं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद जळक्या फ्यूजवर गुंडाळला आणि तो परत जागी बसवला. आता वीज कागदातूनच जाणार, फ्यूज काही उडणार नाही. यंत्र तासभर झकास वाजलं. शिष्य मात्र एका जागी बसेना. आतला ट्रान्सफॉर्मर हाताला चटके देत होता, आणि त्याच्या पोटात सारखी कालवाकालव होत होती.

व्यापारी आला, गाणं ऐकून खूश झाला. वृद्धाने यंत्राच्या पाठीवर तळवा टेकवला, शिष्याकडे एकवार पाहिलं, आणि आईजवळ दिवसभर कोण असतं, एवढंच विचारलं.

"कोण असणार? आम्ही सगळे दुकानात. ती आणि तिचं गाणं."

शिष्याच्या डोळ्यांपुढे धुराने भरलेली खोली उभी राहिली. त्याच्याने राहवेना.

"नेऊ नका," तो म्हणाला. "मी फ्यूजला कागद गुंडाळलाय."

वृद्ध रागावला नाही. त्याने कागदासकट तो फ्यूज काढला, खरा फ्यूज बसवला आणि तिघे ऐकत बसले. दहा मिनिटांनी गाणं मध्येच तुटलं. वृद्धाने काळवंडलेला फ्यूज काढून टेबलावर ठेवला आणि त्याला हात जोडले. म्हातारा चळला की काय, असं व्यापाऱ्याला वाटलं. शिष्यालाही काही कळेना.

"आत काहीतरी बिनसलंय, हे सांगण्यासाठी हा दर वेळी जळला," वृद्ध म्हणाला, "आणि आपण त्याचंच तोंड बांधलं. तुझ्या पोटात सकाळपासून जे कालवत होतं, तेही हेच सांगत होतं. बरं झालं बाबा, त्याच्यावर कागद गुंडाळला नाहीस."

व्यापाऱ्याने तो काळवंडलेला फ्यूज उचलून पाहिला. मग म्हणाला, "घ्या अजून दोन दिवस. तोवर मीच बसतो आईजवळ."

तो गेला. शिष्याची धडधड अजून थांबली नव्हती. तिला गप्प बसवण्याच्या भानगडीत न पडता त्याने यंत्राची पेटी पुन्हा उघडली.

धास्ती वाटली की तिला हाकलण्याआधी एकदा विचारावं, बाई, तुला काय दिसलं?