तीन दिवसांचा तेरडा

"हा गुलाबांचा वाफा आहे की रान?" राजेसाहेबांनी भिंतीकडेच्या वाफ्यात काठी खुपसली आणि भिकू माळ्याने मान खाली घातली. महिनाभर बिचारा तापाने अंथरुणाला खिळलेला. तेवढ्यात गुलाब राहिले बाजूला आणि वाफ्यात ज्याला जमेल तो उगवून बसला. राजेसाहेब तर नाकावर माशी बसू न देणारे, ते तापबीप ऐकतात कुठले!

भिकूची लेक गोजरी बापामागे उभी होती. चाकरी गेली की बागेतली खोपही गेली; मग ऐन पावसात आजारी बापाला न्यायचं कुठे, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता. राजेसाहेब काठीने एकेक झाड दाखवत नाव विचारत होते आणि ती सांगत होती. पांढऱ्या तुऱ्यांचा तो कुर्डू, काटेरी कणसांचा तो आघाडा, गुलाबी फुलांचा तो तेरडा.

राजेसाहेब फिसकन हसले. "तेरड्याचा रंग तीन दिवस! तुझ्या बापाची चाकरीही आता तेवढीच. या तणात मी हात जोडावेत असं एक तरी झाड दाखव, मग बघू."

राजा कधी तणापुढे हात जोडेल? भिकूने कपाळावर हात मारला. गोजरी मात्र म्हणाली, "दाखवते, महाराज."

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. गौरीची रोपं यंदा मी आणते, असं गोजरीने राणीसाहेबांना सांगितलं. दासींची चिखलातली पायपीट वाचली, त्यांना आणखी काय हवं? गोजरीने वाफ्यातला तेरडा मुळासकट उपटून त्याची जुडी वाजतगाजत आत नेली. राणीसाहेबांनी त्या जुडीला मुखवटा चढवला, पैठणी नेसवली, दागिन्यांनी मढवली. गौर आतून कशाची असते, हा बायकांचा कारभार. राजेसाहेबांनी त्यात कधी डोकावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पूजेला ते सोवळं नेसून आले, डोळे मिटले आणि चांगले कमरेत वाकून हात जोडले. डोळे उघडतात तो दारात गोजरी.

"महाराज, तुम्ही झाड दाखव म्हणाला होता ना? पैठणीच्या आत आहे."

राणीसाहेबांनी निऱ्या जराशा सरकवल्या. आत गुलाबी फुलं! राजेसाहेबांचा चेहरा त्याहून गुलाबी झाला. तरी हार मानतील तर ते राजे कसले.

"पण तेरडाच ना? रंग तीनच दिवस!"

"गौरीचं माहेरपणही तीनच दिवसांचं, महाराज. म्हणून तिला कुणी तण म्हणतं का?"

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. राजेसाहेब असे खदखदून हसले की समईची ज्योत हलली. भिकूची चाकरी जन्मभराची झाली, गोजरीला नवंकोरं लुगडं मिळालं आणि पुरणपोळीचं पहिलं ताट बागेतल्या खोपीकडे रवाना झालं. वाफ्यात मात्र खुरपं घालायचं नाही, असा हुकूम झाला. पुढच्या वर्षी गौर तिथूनच यायची होती.