लाल फडक्यातली पोथी

पूर्वी कुसुंभा नगरीत उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे पुरोहिताच्या कुळात जन्मला आणि प्रार्थना म्हणता म्हणता म्हातारा झाला. त्या देशाची तऱ्हाच निराळी होती. प्रार्थना म्हटल्यावाचून तिथे चूल पेटत नसे, म्हैस पान्हा सोडत नसे, तळ्यातली होडी जागची हलत नसे. अक्षरओळख घरोघर होती, पण प्रार्थना पुरोहितानेच म्हणायच्या अशी रीत होती.

बोधिसत्त्व पहाटेपासून दारोदार फिरे. टाचांना भेगा पडलेल्या, घसा बसलेला. 'आचार्य, जरा टेका' असे कोणी म्हणत नसे. ज्याचे काम अडलेले, त्याला दुसऱ्याचा शीण कुठून दिसणार?

एकदा तो राजाच्या मुदपाकखान्यातल्या चुली पेटवीत असताना तमाला नावाडीण तापाने फणफणलेल्या नवऱ्याला होडीत घालून बोधिसत्त्वाची वाट पाहत बसली. वैद्य पैलतीरी होता. बोधिसत्त्व धापा टाकीत पोचला, तोवर नवऱ्याचे प्राण गेले होते.

तमाला एवढेच म्हणाली, "आचार्य, ते चार शब्द मला शिकवले असतेत, तर?"

ते बोलणे त्याच्या जिवाला लागले. त्याने साऱ्या प्रार्थना लोकांच्या बोलीत ताडपत्रांवर उतरवल्या, त्यांची पोथी बांधली आणि ती चौकात ठेवली. आता आपण सुटलो, असे त्याला वाटले.

सुटतो कसला! लोकांनी पोथी लाल फडक्यात गुंडाळून चौरंगावर बसवली, हळदकुंकू वाहिले आणि पुन्हा त्याच्याच दारात रांग लावली.

"अरे, पोथी दिली ना? उघडून वाचा की!" तो म्हणाला.

कुंभाराने कानाला हात लावले. "देवाच्या पोथीला आमचा चिखलाचा हात? पाप लागेल, आचार्य. तुम्हीच चला."

बोधिसत्त्व मटकन खाली बसला. एवढा थकवा त्याला उभ्या जन्मात आला नव्हता. मग तो उठला, चौकात गेला, त्याने फडके सोडले आणि पोथीची दोरी कापली. भट्टीच्या प्रार्थनेचे पान कुंभाराच्या चिखलाच्या हातात कोंबले, पान्ह्याचे गवळणीला दिले, होडीचे तमालाला.

नगरीत हाहाकार उडाला. पोथी मोडणाऱ्याला हद्दपारी, असा तिथला दंड होता.

राजा कळवळून म्हणाला, "आचार्य, पाने गोळा करा. पुन्हा बांधू. पूजेचा मान तुमचाच राहील."

"पाने आता मळली असतील, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "मळावीत म्हणूनच लिहिली होती."

हद्द तळ्यापलीकडे होती. तो तमालाच्या होडीत चढला आणि सवयीने प्रार्थना म्हणू लागला, पण घशातून आवाज फुटेना. तमालाने कमरेला खोचलेले मळके पान काढले. बोटाने एकेक अक्षर लावीत तिने ते अडखळत वाचले आणि होडी हलली.

पान संपले तरी ती थांबली नाही. "आणि देवा, हा म्हातारा आमच्यापायी झिजला. त्याला आता जरा निजू दे."

जन्मभर त्याने सगळ्यांसाठी मागितले होते. त्याच्यासाठी मागणारे हे पहिलेच माणूस. त्याचे डोळे भरून आले आणि पैलतीर येण्याआधीच त्याला गाढ झोप लागली.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद, तमाला म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि तो थकलेला पुरोहित मीच होतो. आपल्यावाचून ज्यांचे अडते, त्यांचे अडणेच सोडवून देणे, हीच दानाची पूर्णता, दानपारमिता."