एकविसावं दार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी मांडीवर बसून ऐकावी आणि मोठ्यांनी हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवून ऐकावी, अशी आहे.

एका राज्यात एक खाऊन-पिऊन सुखी नगर होतं. नगरात बारा मोठी स्वयंपाकघरं होती. राजवाड्याचं एक, मठाचं एक, धर्मशाळेचं एक, पेठेतल्या व्यापाऱ्यांचं एक, असं करत बारा. रोज तिथं शेकडो पानं उठत.

त्या नगराची एक रीत होती. एखाद्या स्वयंपाकघरात वर्षभर काम केलं, की तिथून पितळेची एक पळी मिळे. ती कमरेला अडकवायची. दोन ठिकाणी काम केलेल्याच्या कमरेला दोन पळ्या, पाच ठिकाणी केलेल्याच्या पाच. मोठे आचारी रस्त्यानं निघाले, की पळ्या एकमेकींवर आपटून असा किणकिणाट होई, की लोक आपण होऊन वाट देत.

त्या नगरात सगुणा नावाची एक मुलगी आपल्या आत्याकडे आली. वय वीस. हाताला चव होती, अंगात उमेद होती, कमरेला मात्र काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी ती न्हाऊन-माखून, देवाला नमस्कार करून राजवाड्याच्या स्वयंपाकघराशी गेली. दारात कारकून बसला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघितलं.

"पळी?"

"नाही."

"मग काम नाही."

"पळी कुठे मिळते, काका?"

"काम केल्यावर."

"आणि काम कुठे मिळतं?"

"पळी दाखवल्यावर."

सगुणा म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा, मी यातलं आधी काय करू?"

"आधी बाजूला हो," कारकून म्हणाला, "मागे लोक उभे आहेत."

दुसऱ्या दिवशी ती मठात गेली. तिथं तिला येणारे सगळे पदार्थ एका ताडपत्रावर लिहायला सांगितले. तिनं अळूच्या फदफद्यापासून घावनांपर्यंत सगळे लिहिले. पान वाचायला घेतलेल्या माणसानं ते उलटं ठेवलं आणि विचारलं, "हं, काय काय येतं तुला?"

तिसऱ्या ठिकाणी तिची परीक्षा घेतली. चाळीस माणसांच्या पोळ्या करून घेतल्या. चाळीस माणसं जेवली, ढेकर दिले. मग मालक म्हणाला, "पोळ्या छान झाल्या हो. पण ती जागा परवाच आमच्या मेहुण्यांना दिली."

चौथं स्वयंपाकघर धर्मशाळेचं. तिथल्या माणसानं गोड हसून सांगितलं, "निरोप पाठवू." दारात पिंजऱ्यात एक साळुंकी होती. ती हे इतक्यांदा ऐकून ऐकून शिकली होती. तीही म्हणाली, "निरोप पाठवू, निरोप पाठवू."

सगुणाला हसू आलं. तिनं विचारलं, "तुला तरी पळी आहे का गं?"

साळुंकीनं मान तिरकी केली. "मला पिंजरा आहे," ती म्हणाली. "दाणापाणी वेळेवर असतं."

सगुणा पाच दिवस ओट्यावर बसून निरोपाची वाट बघत राहिली. भाजी विकणारा गेला, बांगड्या विकणारी गेली, कल्हईवाला गेला. निरोप काही आला नाही. शेजारच्या काकू मात्र रोज आल्या.

"लागलं का गं काम?"

"नाही, काकू."

"अगंबाई. आमच्या नणंदेच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी लागलं. तू नीट बोलत नसशील."

त्या दिवशी सगुणाला जेवण गेलं नाही. ती आत्याला म्हणाली, "आत्या, मला वाटतं मी कामाचीच नाही. उद्या मी गावी जाते. तिथं आईला दळण-कांडणात हातभार लावेन, आणि पुन्हा कुठल्या दारी जाणार नाही."

आत्या वातींचा कापूस पिंजत बसली होती. तिचा साऱ्या जन्माचा विश्वास नेमावर. ती म्हणाली, "जा हो. पण जाशील ती नेम पुरा करून जा. एकवीस दिवस, रोज एक दार. विचारायचं, ऐकायचं, आणि त्या दारात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. एवढंच."

"आणि काम नाही मिळालं तर?"

"काम मिळणं देवीकडे. दार गाठणं तुझ्याकडे. तू आपलं तेवढं कर. एकविसाव्या दिवशीही नाही मिळालं, तर मीच तुला गाडीत बसवून देईन."

सगुणानं तुळशीपुढे पाणी सोडलं आणि नेम धरला.

बाराही स्वयंपाकघरं झाली. मग खाणावळी झाल्या, फुटाण्यांच्या भट्ट्या झाल्या. फुटाणेवाला म्हणाला, "तू फार शिकलेली दिसतेस, टिकणार नाहीस." त्याच्या पुढचा भट्टीवाला म्हणाला, "तुला काहीच येत नाही, कशी टिकशील?" सगुणा दोघांनाही नमस्कार करून निघाली. नेम असल्यामुळे एक झालं. रोज रात्री रडण्याऐवजी ती फक्त मोजायची, आज अमुकावं झालं. आणि मोजून झालं, की झोप लागायची.

असं करता करता विसावं दार झालं. उरलं एकच. आणि नगरात एकच स्वयंपाकघर उरलं होतं, देवीच्या देवळाचं. ते एरवी बंद असे आणि उत्सवात उघडे. एकविसावा दिवस नेमका उत्सवातल्या महानैवेद्याचा होता.

त्या दिवशी बाराही ठिकाणचे मुख्य आचारी देवळात एकत्र रांधत. देवळाचं सगळं बघणाऱ्या थोरल्या बाई दारात उभ्या होत्या. पांढरे केस, गुडघ्याला बांधलेली फडकी, आणि सगळीकडे लक्ष.

"बाई, काम आहे का?" सगुणानं विचारलं. आणि त्यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "पळी नाही माझ्याकडे."

थोरल्या बाईंनी तिला न्याहाळलं. "स्वयंपाकाला बारा जणं आहेत, आणखी कोणी नको. पाणी शेंदायला माणूस हवंय. आजच्या दिवसापुरतं. विहिरीवर न्हा आणि ओलेत्यानं आत ये."

हे काही खरं काम नव्हतं. पण दार उघडलं होतं. सगुणा आत गेली.

आत बारा चुलींवर बारा पातेली रटरटत होती. एकेक पातेलं एवढं, की वासरू आत बसेल. बारा आचारी सोवळं नेसून, कमरेच्या पळ्या वाजवत, या पातेल्यापासून त्या पातेल्यापाशी फिरत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, की नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवीच्या आधी जिभेला लावला की तो उष्टा होतो. घराघरातल्या बायका म्हणूनच एकमेकींना विचारत असतात, "मीठ घातलंस का गं? गूळ पडला का गं?" पण त्या नगरातल्या आचाऱ्यांचा एक ताठा होता. कमरेला पळी असणाऱ्यानं विचारायचं नाही. विचारलं, म्हणजे आपल्याला कळत नाही असं कबूल केलं.

सगुणा पाण्याचा हंडा घेऊन आत-बाहेर करत होती. तिच्या कमरेला काही नव्हतं, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि तिला मोठा स्वयंपाक येत नव्हता, म्हणून ती सगळ्यांकडे टक लावून बघत होती.

पहिल्या खेपेला तिनं बघितलं, मठाच्या आचाऱ्यांनी आमटीत ओंजळभर मीठ घातलं आणि ते पुढे गेले. दुसऱ्या खेपेला पेठेतले आचारी आले. त्यांनी आमटीकडे बघून मान हलवली आणि ओंजळभर मीठ घातलं. तिसऱ्या खेपेला धर्मशाळेचे आले. त्यांनीही घातलं.

सगुणानं मनाशी मोजलं, तीन ओंजळी झाल्या.

चौथ्या खेपेला खुद्द राजवाड्याचे थोरले आचारी आमटीपाशी उभे होते. कमरेला नऊ पळ्या. त्यांनी ओंजळ भरली.

सगुणानं हंडा खाली ठेवला. बोललं, तर आत्ताच्या आत्ता बाहेर काढतील. एकविसावं दारही गेलं, उद्या गावची गाडी. आणि नाही बोललं, तर थोरल्या बाई संध्याकाळी पाठीवरून हात फिरवतील, कदाचित उद्याही ये म्हणतील. पण ती आमटी देवीच्या ताटात जाणार होती, आणि मग सगळ्या गावाच्या पानात.

"काका," ती म्हणाली, "यात मीठ पडलंय."

ओंजळ हवेतच राहिली. "कोण बोललं?"

"मी. यात तिघांनी मीठ घातलंय, काका. तुमचं चौथं होईल."

पळ्यांचा किणकिणाट थांबला. थोरल्या आचाऱ्यांनी तिच्या कमरेकडे बघितलं. "पाणी शेंदणारी मला मीठ सांगते? तुझी पळी कुठाय?"

"पळी नाही, काका. पण डोळे आहेत."

"बाई," थोरले आचारी गरजले, "हिला आधी बाहेर काढा."

थोरल्या बाई गुडघा धरत धरत आत आल्या. त्यांनी सगुणाला काही विचारलं नाही. बारा जणांकडे वळून त्यांनी साधं विचारलं, "आमटीत मीठ कुणी घातलं?"

"मी," मठाचे म्हणाले.

"मी घातलं," पेठेतले म्हणाले.

धर्मशाळेच्यांनी नुसते मिठाचे हात धोतराला पुसले.

"बरं," थोरल्या बाई म्हणाल्या. "आणि खिरीत गूळ कुणी घातला?"

आता मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खिरीचं पातेलं प्रत्येकानं दोनदा ढवळलं होतं. गूळ तिकडे कोपऱ्यात, अख्ख्या ढेपेतच होता. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

कुणीतरी आधी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग थोरल्या बाईंनाच हसू आवरेना. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बारा जणांच्या मिळून चाळीस पळ्या, आणि देवीला खारट आमटी नि अळणी खीर. मुली, तू काय करशील आता?"

सगुणा म्हणाली, "वरणाच्या डाळीत अजून मीठ पडलेलं नाही, ते मी बघितलंय. देवीच्या ताटापुरती बाजूला काढू आणि बाकीची सगळी आमटीत घालू. वर उकळतं पाणी. आमटी तिप्पट होईल."

"तिप्पट आमटी खाणार कोण?"

"देवळाबाहेर कितीतरी लोक उभे आहेत, बाई. दरवर्षी पुरत नाही म्हणून परत जातात म्हणे."

मग काय विचारता. डाळ ओतली गेली, गूळ फोडला गेला. सगुणानं गाभाऱ्यातली रांगोळी, हळद आणि कुंकू मागून घेतलं आणि प्रत्येक चुलीपुढे ठिपके काढायला घेतले. मीठ पडलं की रांगोळीचा ठिपका, गूळ पडला की हळदीचा, तिखट पडलं की कुंकवाचा. ज्यानं जे घातलं, त्यानं तो ठिपका द्यायचा. विचारायची लाज नको आणि चाखायचं पाप नको. थोडक्या वेळात चुलींपुढे अशी रंगीत नक्षी उमटली, की जणू लग्नघरच.

दुपारी नैवेद्य दाखवला. आरती झाली. प्रसाद वाढला. पहिला घास घेऊन लोकांनी माना डोलावल्या, दुसऱ्या घासाला बोलणं बंद झालं. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच देवळाच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं नाही.

पंगती उठल्यावर थोरल्या बाईंनी बाराही आचाऱ्यांना समोर बसवलं.

"मला एक सांगा. तुम्ही पहिल्या दिवशी कामाला गेलात, तेव्हा तुमच्या कमरेला किती पळ्या होत्या?"

मठाचे आचारी हळूच म्हणाले, "एकही नव्हती. मी पहिल्या दिवशी भात करपवला होता. अख्ख्या मठाला दूध-भाकरी खावी लागली."

"मी ताकात साखर समजून मीठ घातलं होतं," पेठेतले म्हणाले.

"ताकात मीठच घालतात," थोरल्या बाई म्हणाल्या.

"एवढं नाही घालत."

पुन्हा हशा पिकला. एकेकानं आपापली फजिती सांगितली. शेवटी थोरले आचारी उरले. ते बराच वेळ जमिनीवरच्या ठिपक्यांकडे बघत बसले होते.

"मला एका म्हाताऱ्या आचाऱ्यांनी आत घेतलं," ते म्हणाले. "मला कणीक मळायलासुद्धा येत नव्हती. त्यांनी काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाले, बस इथे, बघ. मी त्यांना कसा विसरलो कोण जाणे."

मग ते सगुणाकडे वळले. "उद्यापासून राजवाड्यात येशील?"

सगुणाला एकदम भरून आलं. पण दारात रडायचं नाही असा नेम होता, म्हणून तिनं नुसते हात जोडले. "येईन, काका. पण मला शंभर पानांचा भात येत नाही. शिकवाल?"

"शिकवीन. पण तूही मला एक शिकव. चारचौघांत विचारायचं कसं, ते."

सगुणा धावतच घरी गेली. आत्याला मिठी मारून मग ती पोटभर रडली. आत्याच्या घरचं दार या नेमात धरलेलं नव्हतं.

पुढे त्या नगरानं नवी रीत घातली. प्रत्येक स्वयंपाकघरानं दरवर्षी एक तरी असं माणूस आत घ्यायचं, ज्याच्या कमरेला काहीच नाही. त्याला पहिले आठ दिवस काम सांगायचं नाही, नुसतं बघू द्यायचं, आणि तो जे विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. पहिल्या वर्षी बारा जणांना काम लागलं. शेजारच्या काकूंना मोजदाद ठेवता ठेवता पुरेवाट झाली.

देवी आई, सगुणाला जशी वाट सापडली, तशी दारोदार फिरणाऱ्या सगळ्या लेकरांना सापडू दे. आणि दाराआड बसलेल्यांना आपला पहिला दिवस आठवू दे.

बोध: आज जो जाणता आहे, त्यालाही एके दिवशी कुणीतरी अजाण असतानाच आत घेतलं होतं, म्हणून नवख्यानं विचारायला लाजू नये आणि जाणत्यानं दार लावून घेऊ नये.