सात शिक्क्यांचा आकाशपाळणा

जत्रेत आकाशपाळण्यापुढे ही भली मोठी रांग लागली होती आणि येसू सुतारीण कुणालाच वर चढू देत नव्हती.

"आखाला चीर गेलीय," ती सांगत होती. "सगळा पाळणा त्या एका लाकडावर फिरतो. बारा माणसं बसली की मोडलाच!"

कोतवाल हैबतरावांनी तिला थेट पाळण्यासमोरच्या शामियान्यात बसलेल्या महाराजांपुढे उभं केलं. तपासणीच्या शिक्क्याशिवाय पाळणा फिरायचा नाही, हा कायदा महाराजांनी स्वतः केला होता आणि त्यांना त्याचं भारी कौतुक होतं.

"एक सोडून सात शिक्के आहेत, महाराज," हैबतराव म्हणाले.

ते सातही शिक्के त्यांनी कचेरीत लोडाला टेकून कागदांवर मारले होते. शिपायाने ते कागद पाळण्यावर चिकटवले. एक तर नेमका चिरेवर बसला.

महाराज म्हणाले, "शिक्का काढायचा नाही, पाळण्याला हात लावायचा नाही आणि आमचा शिक्का खोटा म्हणायचं नाही. एवढं सांभाळून चीर सिद्ध कर. नाहीतर पाळणा आत्ता फिरेल आणि तू राज्याबाहेर जाशील."

रांगेत पुढेच एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन उभी होती. येसूने पदर खोचला.

"शिक्का खराच आहे, महाराज. चुकलं माझं. पण इतक्या बारकाईने ज्यांनी तपासणी केली, पहिल्या फेऱ्याचा मान त्यांचाच की."

"वा! हैबतराव, बसा."

हैबतराव जागचे हलेनात. "आत्ताच जेवलोय, महाराज."

"जिरेपर्यंत थांबू."

"गुडघा धरलाय."

"चौघे उचलून बसवतील," येसू म्हणाली.

हैबतरावांनी पाळण्याकडे वर पाहिलं आणि कपाळाचा घाम पुसला. "महाराज, त्याआधी... कुणाकडून तरी आख एकदा बघून घेतला तर?"



"मी काही बोलले नाही हं, महाराज," येसू हळूच म्हणाली. "आख बघायचा राहिलाय, हे कोतवालसाहेबच म्हणताहेत."

महाराजांनी चिरेवरचा कागद फाडायला लावला. चिरेत बोट जात होतं. हसता हसता महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं, वर तपासणीचा शिक्काही.

"आजपासून तपासणी तुझी," ते म्हणाले. "पहिल्या फेऱ्याचा मान मात्र दर जत्रेत हैबतरावांचाच."