राहीच्या चुलीचा धूर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कावळे बोलायचे आणि माणसं ऐकूनही घ्यायची. पोरांनो, मांडी घालून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही बसा, गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. एका पौषात तिथे तापाची साथ आली. त्या गावची रीतच अशी, की साथ आली की घरं बंद करायची आणि ज्याने त्याने आपापल्या शेतात पाल ठोकून राहायचं. एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत कुणी कुणाचा बांध ओलांडायचा नाही. तापाने पडलेल्यांची पालं ओढ्यापलीकडे. त्यांच्या सेवेला जायचं ते, ज्यांना पूर्वी साथ येऊन गेली होती त्यांनीच.

राहीची सहा वर्षांची लेक बकुळी तापली. म्हातारी सुईण तिला कडेवर घेऊन ओढ्यापलीकडे गेली. राहीला दुसरं कुणी नव्हतं. ती आपल्या पालात एकटी उरली.

पहाटे असं धुकं उतरायचं, की शेत, ओढा, डोंगर सगळं दुधात बुडायचं. धुकं विरलं की पलीकडचं पाल नखाएवढं दिसायचं. राही तिकडे बघत बसायची. भाकरी थापायला घेतली की हात थांबायचे. एकटीसाठी कसली भाकरी? शेवटी तिने देवीला साकडं घातलं, "माझी बकुळी येईपर्यंत चूल पेटवणार नाही. कालवलेल्या पिठावर राहीन."

काय ते आईचं काळीज! पण थांबा, एवढ्यात हात जोडू नका.

तिसऱ्या दिवशी बांधावर एक कावळा येऊन बसला. चोचीत चांगली अर्धी भाकरी.

"एवढी भाकरी कुठून आणलीस रे मेल्या?" राहीने विचारलं.

"पलीकडून," भाकरी पायाखाली धरून कावळा म्हणाला. "तुझ्या लेकीच्या वाटची. तीन दिवस चंगळ आहे बघ माझी."

राही बांधाकडे धावली. "म्हणजे? ती जेवत नाही?"

"ताप उतरलाय, पण घासाला शिवत नाही. रोज सकाळी तुझ्या चुलीचा धूर बघायची, 'आई उठली' म्हणायची आणि मग जेवायला बसायची. आता धूरच नाही. सुईण म्हणते, पोर अशीच उपाशी राहिली तर हाती लागायची नाही."

राही ताडकन उठली. "आई, चुकले," म्हणत तिने देवीला हात जोडले आणि गोवऱ्या रचल्या. वर ओला पाला टाकला. पांढरा धूर हळूहळू धुक्याच्या वर निघून उंच गेला. आरात तिने तीळगुळाचे रोडगे भाजले. एक फोडला, तर वाफेबरोबर असा खमंग वास आला की तिला रडूच फुटलं. रडत रडत तिने चार रोडगे खाल्ले.

मग तिने जुनी लुगडी फाडून गोधडी शिवायला घेतली. रोज एक ठिगळ. दुपारी ती बांधावर पसरायची, पलीकडून दिसावी म्हणून. तिन्हीसांजेला शेकोटीवर हुरडा भाजायची. एखाद्या पालातून कुणी ओवी सुरू करायचं, तर दुरून कुणी पुढची ओळ म्हणायचं. धुक्यात माणसं दिसत नसत, आवाज तेवढे येत. राहीही आपला आवाज मिसळायची.

कावळा मात्र रुसला. पलीकडे त्याला आता चतकोरही मिळेना.

पुनवेला बकुळी ओढा ओलांडून धावत आली आणि गोधडीवर लोळली. "अकरा ठिगळं! मी रोज मोजत होते." मग जरा थांबून तिने विचारलं, "आई, मधले तीन दिवस धूर का नव्हता गं?"

"उपास होता."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी गं."

"मग मीही केला की," बकुळी म्हणाली. "तुझ्यासाठी."

राहीने लेकीला गोधडीत गुंडाळून पोटाशी धरलं.

तेव्हापासून त्या गावात साथ आली, की जो एकटा असेल तो सगळ्यांच्या आधी चूल पेटवतो.

म्हणून सांगतो, एकटं पडलात तरी आपली चूल विझू देऊ नका; तिच्या धुरावर दुसरं कुणी जगत असतं.