घळीतला ढीग

लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐका. फार जुन्या काळी एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावाला अन्नाची ददात नव्हती. भात उदंड पिकायचा, गोठे दुभत्यानं भरलेले असायचे, आणि त्याचाच गावाला माज आला होता.

त्या गावाची एक रीत होती. कुणाकडे जेवणावळ झाली, की उष्ट्या पत्रावळी अन्नासकट गावामागच्या घळीत टाकायच्या. दुसऱ्या दिवशी चार मोठी माणसं घळीच्या काठावर जाऊन ढीग बघायची. ज्याचा ढीग मोठा, त्याचा मान मोठा. ढीग लहान दिसला तर म्हणायची, "हात आखडला वाटतं यानं."

मग काय, पंगतीत वाढपी कुणाचं ऐकायचेच नाहीत. जेवणारा पानावर दोन्ही हात आडवे धरायचा, तरी बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडायचीच. एखाद्यानं पान पुसून स्वच्छ केलं, तर शेजारचा हसायचा. "काय हो, घरी चूल पेटत नाही का?" त्यामुळे पोटात भूक असलेला माणूससुद्धा पानात टाकून उठायचा.

ती उष्टी काढायचं काम भागूकडे होतं. भागू घळीच्या खालच्या वस्तीत राहायची. तिला एकच लेक, चिमी, नुकती पाऊल टाकायला लागलेली. भागू टोपल्यांवर टोपल्या घळीत ओतायची. पुऱ्या अख्ख्या असायच्या. भाताची मूद मोडलेली नसायची, तिच्यावरचं तूप तसंच थिजलेलं असायचं. भागूचा जीव तुटायचा, पण ती बोलायची नाही. बोलून ऐकणार कोण?

ढीग पडून पडून सडायचा. त्यातून काळं पाणी झिरपायचं आणि उतारानं थेट खालच्या झऱ्यात यायचं. वरच्या विहिरीवर खालच्या वस्तीला घागर बुडवू देत नसत. म्हणजे प्यायचं ते झऱ्याचंच.

आधी शेजारच्या ठकूचं तान्हं गेलं. मग चिमीला जुलाब सुरू झाले. भागूनं पाणी उकळून पाजलं, चार पदरी फडक्यानं गाळून पाजलं, तरी त्याचा आंबूस वास जाईना. चिमीचे डोळे खोल गेले. मांडीवर घेतली तर तिचं ओझंसुद्धा लागेना.

भागू तडक पाटलाच्या ओसरीवर गेली. पाटलाच्या नातवाचं बारसं जवळ आलं होतं, आचारी समोर बसला होता.

"पाटील, घळीतली घाण आमच्या झऱ्यात उतरतेय. माझ्या पोरीच्या पोटात पाणी ठरत नाही."

"पाणी वरून खालीच जाणार," पाटील म्हणाला. "त्याला मी काय करू?"

"ढीग करू नका. ज्याला जेवढं लागतं तेवढंच वाढा."

आचारी खो खो हसला. "ऐकलंत का? पाटलांच्या नातवाचं बारसं, आणि घळ रिकामी. उद्या आम्हाला मुगाचं पाणी शिजवायला सांगेल ही."

"मग वरच्या विहिरीच्या दोन घागरी तरी द्या. पोर बरी होईपर्यंत."

"रीत मोडते बाई," पाटील म्हणाला. "तू असं कर, बारशाला उष्टी काढायला ये. पानात राहिलेलं ने लेकीला. चांगलं साजूक तुपातलं असतं."

भागूच्या अंगाची लाही झाली. जे तिच्या लेकीचा जीव घेत होतं, तेच हा तिच्या पदरात घालत होता, आणि वर उपकार म्हणून.

"येणार नाही," ती म्हणाली. "तुमचं उष्टं तुम्ही काढा."

आता त्या गावाची आणखी एक रीत होती, ढिगाच्या रितीपेक्षाही जुनी. बारशाच्या सकाळी बाळंतिणीनं खालच्या झऱ्याची ओटी भरायची आणि त्याचं पाणी चमचाभर बाळाला पाजायचं. वरच्या घरातलं माणूस झऱ्यावर यायचं ते तेवढ्यापुरतंच.

बारशाच्या सकाळी वाजतगाजत सगळे आले. पाटलाच्या सुनेनं हळदकुंकू वाहिलं आणि चांदीच्या वाटीत पाणी घेतलं. भागू चिमीला खांद्यावर टाकून तिथेच उभी होती.

ठकू तिच्या कानाशी लागली. "पाजू दे. त्यांनाही कळू दे की, कसं लागतं ते."

भागूच्या मनातही तेच होतं, खोटं कशाला सांगू. पण त्या बाळानं जिभेचं इवलंसं टोक बाहेर काढलं, चिमी काढायची अगदी तसं. भागू पुढे झाली आणि तिनं सुनेच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

वाजंत्री थांबली. पाटील गरजला, "शुभकार्यात आडवी येतेस?"

"येते," भागू म्हणाली. तिनं वाटी त्याच्यापुढे धरली. "पाणी चांगलं आहे ना, पाटील? मग आधी तुम्ही प्या. तुम्ही प्यायलात की बाळाला पाजा, मी बाजूला होते."

पाटलानं वाटी घेतली. वर तेलकट तवंग होता, तळाशी सडकं शीत होतं. त्यानं वाटी ओठांपर्यंत नेली आणि वासानं त्याला उमळून आलं. सगळं गाव बघत होतं. वाटी तशीच खाली आली.

"तुम्हाला एक घोट जात नाही," भागू म्हणाली. "माझी लेक रोज हेच पितेय."

सुनेनं बाळ पदराखाली घेतलं. ती सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, घळ रिकामी झाल्याशिवाय माझं बाळ पाळण्यात घालणार नाही."

त्या दिवशी पंगत बसली नाही. पाटलानंच पहिली टोपली उचलली. मागोमाग वाढपी आले, हसणारा आचारीही आला. घळीतला ढीग लांबच्या माळावर नेला, खड्डे खणून मातीआड केला, त्याचं खत झालं. झरा निवळेपर्यंत खालच्या वस्तीच्या घागरी वरच्या विहिरीवर भरू लागल्या. त्या पाण्यानं चिमी जगली. मग बारसं झालं. मागेल तेवढंच वाढलं. पातेल्यात उरलेलं गरम असतानाच वाटून टाकलं.

मोठी माणसं अजूनही दुसऱ्या दिवशी घळ बघायला जातात. आता घळ जितकी रिकामी, तितका यजमानाचा मान मोठा. पण ठकूच्या घरातला पाळणा रिकामाच राहिला, आणि त्याचा जाब तिला कुणीही दिला नाही.

बोध एवढाच: पानात टाकलेलं अन्न नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी लेकराच्या पाण्यात उतरतं.