खडकावरचं भांडण

फार पूर्वी, प्राणी होड्या हाकत होते त्या काळी, एक मुंगूस आणि एक मोर खाडी ओलांडत होते. मुंगूस वल्ही मारत होतं, त्यामुळे त्याची पाठ पुढच्या दिशेला होती. मोर पुढच्या टोकावर बसून समोर नजर ठेवून होता.

"खडक! उजवीकडे घे!" मोर ओरडला.

मुंगसाने झटकन आपल्या उजव्या हाताला होडी वळवली. धाडकन फळी फुटली. पोहता न येणारं मुंगूस कसंबसं खडकावर चढलं, मोर उडून शेजारी बसला आणि तिथेच भांडण जुंपलं.

"उजवीकडे म्हणालो होतो ना!"

"मग हा काय डावा हात आहे माझा?"

बुडत्या होडीच्या कडेला एक हिरवा कंदील होता. त्याचं अर्धं आयुष्य मोठ्या जहाजावर गेलं होतं. तो म्हणाला, "अरे बाबांनो, जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की जी बाजू उजवी, तिला खलाशी स्टारबोर्ड म्हणतात. मग तुम्ही कुठेही तोंड फिरवा, स्टारबोर्ड हलत नाही. ती बाजू जहाजाची असते, तुमची नाही."

"ते राहू दे," मुंगूस ओली शेपटी झटकत म्हणालं. "आधी सांग, बरोबर कोण होतं? मी का हा?"

"दोघंही," कंदील म्हणाला. "म्हणून तर होडी फुटली."